वरची जोडणी

कॅमेरावालीने दांडा मागे ओढला आणि रस्त्याखालच्या गटाराच्या पाईपमध्ये सरकणारा कटर जागच्या जागी थांबवला. गाडीतल्या पडद्यावर नव्या अस्तराची भिंत ओली चकचकत होती आणि तिच्यात वरच्या अंगाला वाटीएवढा खळगा दिसत होता. त्यामागे कुणाच्या तरी घराची जोडणी झाकली गेली होती.

"ही सोडायची, ताई," मुकादम गाडीच्या दारातून म्हणाला. "कोपऱ्यातल्या घराची, वरच्या मजल्याची आहे. तिथल्या बाई सकाळीच सांगून गेल्या, वर कोणी राहत नाही, बंदच करून टाका. खालच्या मजल्याची उघडलीत ना? मग झालं."

'झालं' हा शब्द ऐकायला तिचे कान पहाटेपासून आसुसले होते. रस्ता खोदायचा नाही म्हणजे काम सोपं, असं लोकांना वाटतं. त्यांचं बोलायला काय जातं! राळेत भिजवलेली लांबलचक नळी फुटक्या पाईपात ओढायची, फुगवायची, वाफेवर कडक करायची. ती कडक झाली की घराघरांच्या जोडण्याही तिच्यामागे बुजतात. मग पडद्यावर बघत बघत एकेक भोक पुन्हा पाडायचं, आणि ते तिच्या गळ्यात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं होतं. केसांना राळेचा वास बसला होता, आणि मान तर दुपारपासून तिची राहिलीच नव्हती.

तरी तिने दांडा पुढे ढकलला नाही.

"सकाळी पाईप धुऊन कॅमेरा फिरवला, तेव्हा इथून पाणी येत होतं."

"गळत असेल एखादा नळ."

"गळका नळ टिपकतो. हे बदाबदा आलं आणि थांबलं. कुणीतरी बादली ओतली होती."

मुकादमाने कपाळाला हात लावला. "जा, विचारून या. नंतर संडास तुंबला की बोंब आपल्याच नावाने. पण बसू नका तिथे गप्पा मारत."

दार त्या बाईंनीच उघडलं. सत्तरीच्या असाव्यात, दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, जणू चौकट सोडली तर खाली बसावं लागेल. आतल्या खोलीत त्यांचा नवरा पलंगावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

"मी सांगितलंय तुमच्या माणसाला," बाई म्हणाल्या. "बंद करा. वर मुलगा राहायचा. हे एक बोलले, तो दोन बोलला, आणि बायकोपोरांना घेऊन निघून गेला. दोन वर्षं झाली, मागे वळून बघितलं नाही. मी आता वाट बघून शिणले हो. एकदाचं सगळं बंद झालं की बरं."

"पण आजी, सकाळी वरून पाणी आलं."

"वरून? कसं येईल? दाराला कुलूप आहे. किल्लीसुद्धा हरवली."

आतल्या घड्या थांबल्या. म्हाताऱ्याने हातातला टॉवेल उलगडला, पुन्हा तसाच दुमडला आणि मांडीवर ठेवून त्यावरून तळवा फिरवत राहिला.

"मी ओततो," तो म्हणाला.

बाई वळल्या. "काय?"

"पाणी. एक-एक बादली. बरेच दिवस नाही ओतलं तर मोरीच्या जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर घरात शिरतो."

"शिरू दे की! कुणाला येणार आहे तो वास? आहे कोण वर?"

 दोघींपैकी कुणाकडेही न बघता त्याने सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढली आणि घड्यांच्या ढिगावर ठेवली.

"हरवली म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "मी मेली दोन वर्षं तुम्हाला बोलते आहे, दगडाचं काळीज आहे म्हणून. तोंडातून एक शब्द काढवला नाही?"

"काय काढायचा? हाकलला तर मीच."

रस्त्यावरून मुकादमाने हॉर्न वाजवला. कॅमेरावालीला तिथून पाय काढायचा होता, पण विचारल्याशिवाय जाता येत नव्हतं.

"आजी, मग काय करू? आज बुजवली तर नंतर उघडता येते. पण त्यासाठी हे सगळं लटांबर पुन्हा आणावं लागेल, आणि एका घरासाठी कोणी आणत नाही."

बाईंनी चौकट सोडली. आत जाऊन त्यांनी किल्ली उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. पहिल्याच पायरीवर गुडघ्याने दगा दिला. म्हातारा टॉवेल टाकून लगबगीने मागे गेला. हात धरावा की नाही हे त्याला कळेना; शेवटी त्याने नुसताच हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही, पण झिडकारलाही नाही. दोन पायऱ्या चढून त्या थांबल्या.

"तुम्ही कापा, ताई," त्या वरूनच म्हणाल्या. "झालं की हाक मारा. मी नळ सोडून बघते, नीट जातंय का."

गाडीत परत येऊन तिने पडद्यासमोरची खुर्ची ओढली. कटरचं पातं खळग्याला भिडलं, पांढरा भुगा उडाला आणि काही वेळाने अस्तराचा चकतीसारखा तुकडा खाली पडला. तिने कडा घासून घेतल्या, दारातून डोकं बाहेर काढलं आणि वर ओरडली, "सोडा!"

पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ, एकसारखं.

"छान," मुकादम तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. "बंद करायला सांगा आता. यंत्र बाहेर काढून गुंडाळू. घरी जायचं की नाही?"

"सांगते."

पाणी वाहत राहिलं. वर नळ सुरू आहे हे त्या दोघांच्या लक्षात नसावं. खिडकीतून बोलण्याचा आवाज येत होता. एकदा बाईंचा चढा, मग म्हाताऱ्याचा.

मुकादम केबल सोडवायला गेला. कॅमेरावालीने दांड्यावरचा हात काढला, दुखरी मान खुर्चीच्या पाठीला टेकवली आणि हाक न मारता बसून राहिली.