भाड्याची गाडी, आपली जबाबदारी

"मॅडम, ब्रेक दाबला की कर्रर वाजतंय. ऑइल बी कमी व्हायलंय. आज गाडी गॅरेजला लावू या," शेखलाल म्हणाले.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात सोनाली शाखाप्रमुख होती आणि शेखलाल तिथले जुने ड्रायव्हर. महिन्याभरात तिसऱ्यांदा ते हे सांगत होते.

सोनालीने मानही वर केली नाही. "चाचा, गाडी आपली आहे का? लीजवर घेतलीय. ज्यांची आहे ते बघतील. बारा वाजता मंद्रूपला मीटिंग आहे, निघू या."

"पण करारात सर्व्हिसिंग आपल्याकडंच हाय की."

"पुढच्या आठवड्यात बघू!"

शेखलालनी गाडी काढली. नोकरीपुढे कुणाचं चालतं?

मंद्रूपला आठवडी बाजार भरला होता. गावाअलीकडच्या उताराला शेखलालनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं.

"मॅडम, ब्रेक लागंना! घट्ट धरा!"

समोर एक म्हातारी दोन शेळ्या घेऊन रस्ता ओलांडत होती! शेखलालनी हॉर्न दाबून धरला, गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या कडब्याच्या गंजीत घातली. शेळ्या उधळल्या. दाव्याच्या हिसक्यानं म्हातारी खडीवर कोसळली.

लोक धावले. शेखलालना कॉलर धरून बाहेर ओढलं.

"पिऊन चालवतुस व्हय रं?"

शेखलाल हात जोडून उभे होते. सोनालीचं नाव त्यांनी घेतलं नाही. ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलंही नसतं. पण तिला ते बघवेना.

"सोडा त्यांना! चूक माझी आहे. ब्रेक खराब झालाय हे त्यांनी तीनदा सांगितलं होतं. गाडी लीजवरची, म्हणून मीच टाळलं."

म्हातारीचं नाव केराबाई. कोपरातून रक्त गळत होतं. "लीज म्हंजी काय गं?"

"भाड्याची, मावशी. काही वर्षं वापरून परत द्यायची."

"मग? ही शेरडं बी मी वाट्यानं राखते, मालक दुसराच हाय. म्हनून आजारी पडली तर दवापानी करत न्हाय व्हय? आन् तुजी गाडी तर मानसं घिऊन पळती!"

सोनालीची मान खाली गेली. मीटिंग रद्द करून तिने केराबाईंना रिक्षाने दवाखान्यात नेलं, जखमेला टाके पडेपर्यंत तिथंच बसून राहिली. ऑफिसात आल्यावर तिने करार पहिल्यांदाच पूर्ण वाचला. ठरल्या तारखेला सर्व्हिसिंग, ऑइल, ब्रेक, टायर, सगळं वापरणाऱ्याकडे होतं. बिघाड लगेच कळवणंसुद्धा! लीज कंपनीला तिने काहीही न लपवता सारं लिहून पाठवलं. मग शेखलालना बोलावलं.

"चाचा, माफ करा. यापुढं तुम्ही नाही म्हणालात, की गाडी जागची हलणार नाही."

महिन्याभराने शेखलाल म्हणाले, "मॅडम, म्होरचा टायर झिजलाय."

पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आलेले साहेब मंद्रूपला निघायला खाली ताटकळत होते. सोनाली त्यांना म्हणाली, "सर, आज एसटीने जाऊ या."

नागरिकहो, गाडीच्या कागदावर नाव कुणाचंही असो, तिच्यासमोरून रस्ता ओलांडणारा माणूस वापरणाऱ्याच्याच भरवशावर चालतो. सर्व्हिसिंगची तारीख चुकवणं म्हणजे त्याचा विश्वासघात करणं होय!