सोळा पानांचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे. कपडे नाही, पुस्तकं शिवते. सोळा-सोळा पानांचे फर्मे दोऱ्याने एकमेकांना जोडायचे, हे माझं काम. चुकीचा फर्मा आला की मी दोरा तोडायचे. बांधणीवाल्या मावशी म्हणायच्या, "हिच्या नजरेतून काही सुटत नाही." ते ऐकून मी फुगायचे.

एका लेखिकाबाईंच्या कादंबरीमालिकेचा पहिला भाग मीच शिवला. नायक पौर्णिमेला लांडगा होणारा, नायिका नर्स. काय लिहिलं होतं! मावशी फर्मे लावता लावता वाचायच्या आणि डोळे पुसायच्या. बाईंनी येऊन माझ्यावरून हात फिरवला होता.

पुढचे भाग मात्र एका माळेचे मणी. तो "तुझ्या भल्यासाठी" म्हणून निघून जातो, ती तापाने फणफणते, तो परत येतो. चोविसाव्या भागाच्या वेळी बाई आमच्या छापखान्याच्या मालकांना म्हणाल्या, "हे खटारं भंगारात घाला. फार अडतं." मालकांनी मान डोलावली. मला तळपाय नाहीत, तरी तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच आठवड्यात मावशींच्या हातून एकोणिसाव्या भागाचे उरलेले फर्मे चोविसाव्यात गेले. पहिल्याच टाक्याला मला कळलं. दोरा नाही तोडला. म्हटलं, होऊ दे शोभा. हजार प्रती मुकाट्याने शिवल्या.

दोन महिने गेले, तक्रार एकही नाही. चुकीचा फर्मा पासष्टाव्या पानापासून लागलेला; आणि चौसष्टाव्या पानावर तो निरोप घेतो, पासष्टाव्यावर निघतो, दोन्ही भागांत. कोणाला कळणार? मी नुसती जळत राहिले.

मग एका वाचक मुलीचं पत्र आलं. "मधली पानं आधी वाचल्यासारखी वाटली. पण तुमचं हल्ली सगळंच तसं वाटतं, म्हणून गप्प बसले होते."

बाई तणतणत आल्या. माझ्याशेजारी स्टुलावर बसून त्यांनी अख्खं पुस्तक वाचलं. "सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या मुलीला भास झालाय."

मावशींनी खाली मान घालून पानांवर बोट ठेवलं. "बाई, ही सोळा पानं एकोणिसाव्याची आहेत. चूक माझी."

बाईंनी ती पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "मी लिहिलंय, आणि मलाच कळलं नाही." मालकांच्या टेबलावरचं पंचविसाव्या भागाचं हस्तलिखित उचलून त्या निघून गेल्या.

सूड गोड लागला, खोटं कशाला बोलू? मावशींना मान खाली घालावी लागली, तेवढं मात्र सलतं. मित्रांनो, तुमच्या कामात जो अडतो, कुरकुरतो, त्याला तेलपाणी करा. भंगाराची भाषा ऐकून तो गप्प बसला, तर तुमची चूक हजार घरांत जाईल आणि तुम्हाला ती वाचूनही दिसणार नाही.