बापाचं नाक

आमच्या मंजुषावहिनीचं नाक म्हणजे तिच्या बापाचं नाक. हे मी नाही म्हणत, तिचे बाबा देवीदासकाका स्वतःच लग्नाच्या स्टेजवर उभे राहून ओरडले होते, "पोरगी कोनाची ते पुसू नका, नाक पाहा अन् सांगा!" सगळा मांडव हसला. वहिनीही हसली, पण समोर बघून. फोटोवाला "मॅडम, जरा साइडनं" म्हणत राहिला आणि ती काही वळली नाही. अख्ख्या अल्बममध्ये तिचा बाजूनं काढलेला एकही फोटो नाही.

देवीदासकाका अकोटचे, वांगी-टमाटे पिकवणारे. बाजारात त्यांना 'नाकवाले देवीदास' म्हणतात आणि ते खुशाल ओ देतात. मधोमध उंचवटा, मग खाली वाकलेला शेंडा. त्यांच्या चेहऱ्यावर ते शोभतं, खरंच. वहिनी मात्र अकोल्यात ट्यूशन क्लासला गणित शिकवते आणि तिथल्या पोरांनी एक दिवस फळ्यावर राघू काढून ठेवला. राघूच्या कपाळावर टिकली. वहिनीनं घरी येऊन हे हसत हसत सांगितलं आणि त्याच आठवड्यात अमरावतीच्या प्लास्टिक सर्जनकडे नंबर लावला.

आईनं 'प्लास्टिक' एवढंच ऐकलं. "अवो, अकोल्याच्या उनात वितयीन ना ते!"

"आई, प्लास्टिक नसतं त्यात," मी म्हटलं. "नाकाचं हाडच घासून बारीक करतात."

"मंग त अजूनच वाईट."

माझा भाऊ शेखर, म्हणजे वहिनीचा नवरा, हारफुलांच्या दुकानात बसतो आणि दिवसातून दहा वाक्यं बोलतो. त्यातलं एक त्यानं तेव्हा खर्च केलं. "मले तुहं नाक दिसतच नाई. मी डोये पाहतो."

"मले दिसते ना," वहिनी म्हणाली, आणि विषय संपला.

मी यंदा गॅदरिंगला अख्ख्या शाळेसमोर भाषण ठोकलं होतं. तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती, शिवाय दहावीच्या आधीची सुट्टी होती. म्हणून वहिनीची नर्स मीच, असं मी जाहीर करून टाकलं. तपासणीलाही तिच्यासोबत गेले. डॉक्टरांनी समोरून, बाजूनं, खालून असे तिचे फोटो घेतले, रक्त तपासायला सांगितलं, आणि मग पेन खाली ठेवून विचारलं, "हे कोणासाठी करताय?"

"माझ्यासाठी."

"वर्षभर धीर धराल? सूज हळूहळू उतरते. लोकांना आठवड्यात नवं नाक पाहिजे असतं."

"धरीन."

परत येताना बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर तिनं माझा हात धरला. "प्रणाली, अकोटले कोनी सांगाचं नाई. माही शपथ." दादाला आणि आईलाही तिनं हीच शपथ घातली. मी म्हटलं, "पण कधीतरी दिसणारच ना त्यांना." ती म्हणाली, "हळूहळू बदललं त समजणार नाई." गणिताची टीचर असून असा हिशोब!

ऑपरेशनच्या दिवशी ती उपाशीपोटी आत गेली. पूर्ण भूल देणार होते. दादा जिन्यावरून वर-खाली करत राहिला आणि आई देवाचं नाव घेत राहिली. मी मोबाइलवर ऑपरेशनचा व्हिडिओ लावला आणि छिन्नीसारखं काहीतरी दिसताच बंद केला. भाषणाचा इथे काही उपयोग नव्हता. बाहेर आणलं तेव्हा तिच्या नाकावर पांढरं प्लास्टर होतं, एखाद्या छोट्या छपरासारखं. तोंड उघडं, ओठ कोरडे, डोळे सुजलेले. अर्धवट शुद्धीत तिनं पहिलं काय विचारलं असेल?

"बाबाचा फोन आला व्हता का?"

घरी आल्यावर मी राज्य हातात घेतलं. दोन उशांवर डोकं उंच. खाली वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायचं. आता आमच्याकडे रोज ठेचा, म्हणजे मला स्वयंपाकघरावरच पहारा बसवावा लागला. आई चिडली, "पोट्टी दहावीत काय गेली, कलेक्टर झाली!" वहिनीला हसू यायचं आणि हसली की दुखायचं.

मग डोळ्यांखाली रक्त उतरलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पहिले काही दिवस तसं दिसेल. पण इतकं? दोन्ही डोळ्यांखाली वांग्यासारखा जांभळा रंग. आणि नेमक्या तेव्हाच शेजारच्या माणिककाकू दही मागायला आल्या.

माणिककाकूंचं माहेर अकोट. वहिनीचं स्थळ त्यांनीच आणलं होतं. त्यांनी वहिनीकडे बघितलं आणि दह्याची वाटी हातातच राहिली.

"हे काय झालं वं माय?"

"बाथरूममधी पाय घसरला, काकू."

काकू दही न घेताच गेल्या. संध्याकाळी हळदीचं दूध घेऊन परत आल्या, दादा घरात नाही हे पाहून पलंगाच्या कडेला टेकल्या आणि एकदम हळू म्हणाल्या, "मी बी असंच सांगो, बाई. पानी भरता भरता नयावर पडली म्हणून."

मी दारात उभी होते. माणिककाकूंचे मिस्टर खुशालकाका रोज सकाळी ओट्यावर पेपर वाचतात आणि मी दिसले की विचारतात, "काय भाषणवाली, आज कोनाले हरवलं?" मला ते फार आवडायचे.

वहिनीनं काकूंचा हात घट्ट धरला. पण खरं सांगितलं नाही. मी डोळ्यांनी खुणावत होते, सांगा ना! तिनं मान दुसरीकडे फिरवली.

पुढच्या दोन दिवसांत दुकानात दादाशी लोक कसे वागले, ते मी डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. बाजूचा नारळवाला नेहमी दादाच्या स्टुलावर येऊन बसायचा, तो तिकडं तोंड करून उभा होता. एक बाई हार घेता घेता मैत्रिणीला म्हणाली, "देवाले हार इकते अन् घरी पाहा." दादानं हार पुडीत बांधून दिला. गाठ दोनदा सुटली.

"दादा, सांगून टाक ना!"

"शपथ हाये तिची."

त्या दुपारी दादा दुकान बंद करून माझ्यासोबतच घरी आला, आणि पाठोपाठ दार वाजलं. देवीदासकाका होते आणि त्यांच्या मागे माणिककाकू. काकूंनीच फोन केला होता. आईनं पाण्याचा गडवा पुढे केला. "या, इवाईबुवा."

"पानी नको."

वहिनी खोलीतून बाहेर आली. काकांनी तिचं प्लास्टर पाहिलं, डोळ्यांखालचा रंग पाहिला.

"मंजू, बॅग भर."

"बाबा, मी पडली—"

"बॅग भर म्हनलं ना!" मग ते दादाकडे वळले. "मारलं त मारलं, नाकावर मारलं? अबे, ते माहं नाक हाये!"

दादा फरशीकडे बघत उभा राहिला. एका वाक्यात तो सुटला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी पुढे झाले, "काका, मी सांगते—"

"तू चूप बैस, पोरी."

आणि मी चूप बसले. अख्ख्या शाळेपुढे बोलणारी मी.

वहिनीनं भिंतीचा आधार घेतला. तोंडानं श्वास घेत घेत, तुकड्या-तुकड्यानं ती बोलली. "यायनं नाई मारलं, बाबा. मीच... तुमचं नाक कापलं."

माणिककाकूंनी पदर तोंडाला लावला. देवीदासकाकांच्या चेहऱ्यावरचा रागच उतरून गेला आणि त्याखाली जे दिसलं ते रागापेक्षा वाईट होतं. पोरगी बापाला असं म्हणते तेव्हा त्याचा एकच अर्थ होतो. त्यांनी चौकट धरली आणि अगदी हळू विचारलं, "कोनासंग?"

"कोनासंग नाई, बाबा!" वहिनी हसली की रडली, मला कळलं नाही. "खरंखुरं कापलं. अमरावतीले. डॉक्टरनं."

त्यांना समजेना. मग मी धावत जाऊन तिचा मोबाइल आणला आणि डॉक्टरांनी पाठवलेले आधीचे फोटो काढून दिले. बाजूचा फोटो होता त्यात. वहिनीचा बाजूचा पहिला फोटो. काकांनी मोबाइल हातभर लांब धरून तो बराच वेळ पाहिला.

"हे त चांगलं व्हतं," ते म्हणाले. मग, "कावून?"

"पोट्टे राघू म्हनत मले."

"मले बी म्हनत. लहानपनी, शायेत."

वहिनीनं मान वर केली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. "मंग तुमाले वाईट नाई वाटलं?"

"वाटलं ना." त्यांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला. "तू झाली तवापासून नाई वाटलं."

वहिनी रडायला लागली. नाक आतून सुजलेलं, आवाज निघेना, नुसतं उघडं तोंड आणि पाणी. मी ओरडले, "शिंकरू नका! वहिनी, शिंकरू नका हां!" माझ्या आवाजानं सगळे दचकले. देवीदासकाकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचे डोळे टिपले, पण असे टिपले की प्लास्टरला बोटसुद्धा लागू नये.

मग दादाला म्हणाले, "जवाईबुवा, तुमी कावून नाई बोलले?"

"तिनं शपथ घातली व्हती."

"अन् मी मारलं असतं त?"

"मार खाल्ला असता."

काकांनी तेव्हा पाणी घेतलं. आई गडबडीनं चहाला लागली. माणिककाकू कधी निघून गेल्या ते कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर त्या आमच्या दारात आल्या नाहीत. आम्ही खोटं बोललो आणि त्या खरं बोलून बसल्या. खुशालकाका अजून ओट्यावर पेपर वाचतात, अजून "काय भाषणवाली" म्हणतात, आणि मी सायकल हातात धरून मागच्या गल्लीनं जाते.

देवीदासकाका उन्हं उतरायच्या आतच निघाले. दुपट्टा डोक्याला गुंडाळून त्यांनी तो नाकावरून घट्ट ओढून घेतला. उन्हात सगळेच बांधतात. पण ते घरात, आमच्याकडे पाठ करून बांधत होते.

आठवड्यानं अमरावतीला प्लास्टर निघालं. खाली एक सुजलेलं, गोल, कुणाचंच नसलेलं नाक होतं. डॉक्टर म्हणाले, छान आहे, आता वाट बघा. परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसली. बडनेरा सुटल्यावर तिनं तोंड बाहेर वळवलं, म्हणजे मला तिची बाजू दिसली. ती कधीच अशी बसत नसे.

"प्रणाली, खरं सांग. अजून बाबासारखं दिसते का थोडंसं?"

मला कुठलंही उत्तर पटकन देता येतं हल्ली. पण तिला 'हो' ऐकायचं होतं की 'नाही', ते मला काही केल्या ओळखता येईना. गाडी कुरुमला थांबली, सुटली. ती तशीच बाजूनं बसून होती.