खांद्याचा उतार

खोक्याचं झाकण उघडलं आणि कटिंगच्या खोलीतल्या शिलाई मशिनी एकेक करून थांबल्या. आत पातळ कागदाच्या घड्यांत महाराणींचा काळा कोट होता. फोटोतला नव्हे, खराखुरा. बटणं लावणारे काका तीस वर्षांत कुणासाठी खुर्चीवरून उठले नव्हते. ते उठले, चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "आधी हात धुऊन या सगळ्यांनी."

महाराणी म्हणजे काही राजघराण्यातल्या नव्हत्या. रंगमंचावर त्यांनी इतक्या राण्या केल्या की लोकांनीच पदवी देऊन टाकली, आणि ती त्यांना शोभलीही. त्यांचं उभं राहणं प्रसिद्ध होतं. मान वर, दोन्ही खांदे एका रेषेत, आणि अंगावर हा कोट. तशा उभ्या त्यांच्या एका गाजलेल्या फोटोवरून एका अख्ख्या पिढीनं तसाच कोट शिवून घेतला, आणि आपल्या अंगावर तो पोत्यासारखा का दिसतो याचं कोडं काही त्या पिढीला सुटलं नाही.

कारखान्यात जिला सगळे कात्री म्हणत, तिच्या आत्यानं तर तो फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. भाचीला शिवण शिकवताना ती दार उघडून दाखवायची. "बघ, अशी ताठ राहा. तू पोक काढून मशीनवर बसलीस तर शिलाईलाही पोक येईल." भाचीची पाठ काही सुधारली नाही, पण हात असा तयार झाला की पुढे कारखान्यात तिचं नावच कात्री पडलं. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

यंदा बाईंनी, म्हणजे डिझायनर बाईंनी, अख्खं कलेक्शन महाराणींवर बेतलं होतं. रॅम्पवर बावीस मुली येऊन जाणार आणि सगळ्यांत शेवटी खुद्द महाराणी, पंचाहत्तरीच्या, त्याच कोटाची नवी प्रत घालून. ती प्रत कापायचं काम बाईंनी कात्रीला दिलं. सात वर्षं ती कोपऱ्यातल्या ऑल्टरेशनच्या टेबलावर दुसऱ्यांच्या चुका सैल-घट्ट करत बसली होती.

"कोट बसला तर खिडकीजवळचं कटिंगचं टेबल तुझं," बाई म्हणाल्या. "नाही बसला तर कोपरा आहेच. आणि जुन्या कोटाचा एक टाकाही उसवायचा नाही."

खिडकीजवळच्या त्या टेबलाची कात्रीला स्वप्नं पडायची. तिनं जुन्या कोटाची वरूनच मापं घेतली. उजव्या बाजूची घेतली, कागद दुमडला आणि दुमडीवर कापला. कागद उघडला की डावी बाजू आपसूक तयार होते. सगळे असंच करतात. वहीतसुद्धा खांद्याचा उतार एकदाच लिहितात, कारण एक खांदा मोजला की दुसरा मोजल्यातच जमा असतो.

शोच्या तीन दिवस आधी महाराणी ट्रायलला आल्या. फोटोत त्या केवढ्या उंच वाटायच्या, प्रत्यक्षात कात्रीच्या कानाला लागत होत्या. पण त्या दारातून आत आल्या आणि खोलीतला जो तो नकळत सरळ झाला. काकांनी तर पोटही आत घेतलं. कात्रीला वाटलं, आत्याला हे सांगितलं तर ती आठवडाभर दुसरं काही बोलणार नाही.

मग त्यांनी नवा कोट घातला, आणि सगळं बिनसलं. कॉलर एकीकडे ओढली गेली. डावा खांदा खचला, खालची कड त्या बाजूला बोटभर लोंबू लागली. टाचण्या तोंडात धरून कात्री पुढे झाली आणि कोट सारखा करायला तिनं डाव्या खांद्यावर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. कापडाखाली तो खांदाच उजव्यापेक्षा खाली होता. वयानं उतरलेला नव्हे, हाडानंच तसा.

तिनं टेबलावरचा जुना कोट उचलला आणि अस्तरावरून चाचपून पाहिला. उजव्या खांद्यात कापसाची पातळ गादी, डाव्यात चांगली जाडजूड. अर्धा फरक शिंप्यानं गादीनं भरला होता आणि उरलेला अर्धा कापण्यातच जिरवला होता. कोटाच्या पुढच्या बाजूचा डावा पुढा वेगळा, उजवा वेगळा, खिसा नजरेला कळणार नाही असा सरकवलेला, कड सरळ. फोटो काढणाऱ्यांना कळलं नाही, बघणाऱ्यांना कळलं नाही, सात वर्षं चुका शोधून पोट भरणाऱ्या कात्रीलाही कळलं नव्हतं. कोण कुठला तो शिंपी, त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं तिला वाटलं.

महाराणी आरशात बघत होत्या. "गुडघे गेले, आवाज गेला, पाठांतर गेलं," त्या सहज म्हणाल्या. "हे उभं राहणं तेवढं राहिलंय माझ्याकडे."

"मग हे असं का दिसतंय?" बाईंचा आवाज चढला. "चूक कुणाची आहे ही?"

सगळी खोली कात्रीकडे बघू लागली. उत्तर तिच्या हातातच होतं. जुना कोट पुढे केला असता आणि एक वाक्य बोलली असती, तर खिडकीजवळचं टेबल तिचं होतं.

"माझी," ती म्हणाली. "कागद दुमडताना सरकला. माझ्याच लक्षात आलं नाही."

बाईंनी एक मोठा श्वास घेतला. "उरलेल्या कापडात काय होईल ते कर. शो झाला की तुझ्या कोपऱ्यात जा." आरशातून महाराणींनी कात्रीकडे जरा वेळ पाहिलं, एवढंच.

कात्रीनं मापं नव्यानं घेतली, या वेळी दोन्ही खांद्यांची. वहीत मात्र उजव्याचाच आकडा लिहिला. ती वही टेबलावर उघडी पडायची, येणारा-जाणारा चाळायचा. डाव्याचा आकडा तिनं डोक्यात ठेवला. उरलेल्या कापडात एकच पुढा निघत होता. तो तिनं डाव्या बाजूसाठी एकेरी कागदावर, दुमड न घालता कापला आणि त्या खांद्यात जाड गादी घातली. काकांनी बटणं लावायला कोट मांडीवर घेतला, दोन्ही बाजूंवरून हात फिरवला आणि मान वर केली.

"पोरी, या दोन बाजू..."

"काका, बटणं तेवढी लावा."

काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "लावतो. आणि तोंडही शिवून घेतो," ते म्हणाले आणि दोरा ओवायला बसले.

शोच्या संध्याकाळी कात्री पडद्यामागच्या फटीला डोळा लावून उभी होती. बावीस मुली गेल्या, टाळ्या झाल्या, आणि मग महाराणी निघाल्या. संगीत बाईंनीच बंद करायला लावलं होतं. म्हातारी पावलं सावकाश पडत होती, कोट त्यांच्याबरोबर चालत होता. टोकाला जाऊन त्या थांबल्या. मान वर, खांदे एका रेषेत. तो फोटोच पुढे येऊन उभा राहिला होता, फक्त केस पांढरे झाले होते. टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. माणसं एकेक करून उभी राहिली, शेवटच्या रांगेपर्यंत. कात्रीला रडू आवरेना. आत्याला हे दिसायला हवं होतं, आणि त्या शिंप्यालाही.

दुसऱ्या दिवशी ती मुकाट्यानं आपल्या कोपऱ्यात बसली. चौथ्या दिवशी मशिनी पुन्हा एकेक करून थांबल्या. महाराणी आल्या होत्या. बाई लगबगीनं खिडकीजवळच्या टेबलाकडे हात करत होत्या, पण त्या सरळ ऑल्टरेशनच्या कोपऱ्यात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"मला आणखी एक कोट हवाय. हिच्याच हातचा," त्यांनी बाईंना सांगितलं. बाई गेल्यावर त्यांनी हात पुढे केला. "तुझी वही बघू."

कात्रीनं वही दिली. महाराणींनी पानावरून बोट फिरवलं.

"खांद्याचा उतार, दीड. आणि दुसऱ्याचा?"

कात्री टेबलावरच्या चिंध्या आवरू लागली. "दुसऱ्याचा... तेवढाच की."

महाराणी हसल्या. "आमचे शिंपीकाका अगदी हेच म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांच्या वहीत एकच आकडा होता. काही बिघडलं की म्हणायचे, चूक माझी, खडू सरकला. मला काही माहीत नाही असंच समजून देवाघरी गेले बिचारे. मीही त्यांना कळू दिलं नाही."

त्यांनी वही मिटून परत दिली. मग उठल्या, अंगावरचा कोट काढून खुंटीला अडकवला आणि डावा खांदा होता तसा खाली सोडून दिला.

"घे आता माप," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडचं."