विकली न जाणारी जमीन

समुद्रभिंत योजनेच्या संचालकांनी नकाशातल्या शेवटच्या बेटावर फुली मारली आणि कागद गुंडाळायला घेतला, तेव्हा अर्थतज्ज्ञ बाईंनी तो हाताने दाबून धरला.

"हे का गाळलं?"

"तुमच्याच पद्धतीने, बाई. भिंतीच्या खर्चापेक्षा वाचणाऱ्या जमिनीची किंमत जास्त हवी. इथे किंमत शून्य."

पद्धत तिचीच होती. समुद्र चढत चाललेल्या बेटांपैकी कुठे भिंत बांधायची, हे ठरवण्यासाठी तिनेच ती बसवली होती. जमीन शेवटची ज्या भावाने विकली गेली, तीच तिची किंमत. पण या बेटावर जमीन कधी कुणी विकलीच नव्हती. लेकीला दिली, पुतण्याला दिली, भांडण मिटवायला शेजाऱ्याला दिली. आणि विकत नाहीत म्हणून मोल शून्य, हा कुठला न्याय! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात तिथे तिच्या मामांचं घर होतं आणि भरतीचं पाणी आता त्यांच्या पायरीला लागत होतं.

"एक तरी व्यवहार दाखवा," संचालक म्हणाले. "मग बघू."

तिने दाखवला. मामांच्या हातापाया पडून त्यांच्या घरामागचा तुकडा रीतसर विकत घेतला. सही करताना मामांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

"भाचीला कुणी जमीन विकतं का गं?" ते म्हणाले. "पण तू म्हणतेस म्हणून."

पुढच्या बैठकीत संचालकांनी खरेदीखत वाचलं आणि खुशीत मान हलवली.

"वा! म्हणजे लोक विकून निघायला लागले. मग भिंत हवीय कुणाला?"

"अहो, निघतंय कोण? ती जमीन मी घेतलीय!"

"मग काय, राहायला जाताय तिथे?"

टेबलाभोवती हशा पिकला. लोकांच्या दारात पाणी आलेलं आणि यांना विनोद सुचत होते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हो, जातेय," ती म्हणाली आणि ताडकन उठून बाहेर आली. बोलून बसली होती, पण शब्द मागे घेईल तर ती कसली. तिने तिथूनच मामांना फोन लावला.

"मामा, मागच्या जागेत मला घर बांधायचंय. गवंडी बघाल का?"

पलीकडे मामांचा आवाज एकदम चढला, पण तो मामींसाठी होता.

"अगं, ऐकलंस का? भिंत मंजूर झाली! नाहीतर एवढी शिकलेली पोर इथे घर कशाला बांधेल? सगळ्यांना सांग, सामान बांधू नका म्हणावं."

"मामा, थांबा, माझं ऐका तरी!"

ऐकायला तिथे कुणी नव्हतं. मामी शेजाऱ्यांना हाका मारत सुटल्या होत्या, कुणीतरी मोठ्याने हसत होतं, कुणीतरी रडत होतं.

तिने फोन बंद केला नाही. तो तसाच हातात धरून तिने बैठकीच्या खोलीचं दार ढकललं आणि फोन संचालकांसमोर ठेवला.

"आता यांना तुम्ही सांगा."