डबीतला राजा

दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात दोनच दुखणी होती. एक उजवा गुडघा, दुसरे साडू. गुडघ्याला पट्टा होता. साडूंवर इलाज सापडत नव्हता.

सासऱ्यांनी लग्नात दोन्ही जावयांना चांदीचं एकेक नाणं दिलं होतं, एकाच साली पाडलेलं, एकाच राजाचं. पुढे दोघांनीही ती पारखणाऱ्या कंपनीकडे धाडली. तिथले जाणकार नाण्याला सत्तरपैकी गुण देतात, ते प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात आणि वर गुणांचं लेबल लावतात. डॉक्टरांना त्रेसष्ट मिळाले, साडूंना चौसष्ट. तेव्हापासून साडू जेवताना मीठसुद्धा एका गुणाने पुढे असल्यासारखे मागत.

त्यात सासऱ्यांनी जाहीर केलं, की ऐंशीव्या वाढदिवसाला आपला नाण्यांचा जुना पत्र्याचा डबा, ज्या जावयाला नाणं कळतं त्याच्या हवाली करणार. डॉक्टरांची झोप उडाली. तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर कधीकधी गुण वाढतात, असं त्यांच्या कानावर होतं. त्यांनी डबी दवाखान्यात नेली, दिवा ओढला आणि अक्कलदाढ काढावी तसं हलक्या हाताने नाणं बाहेर काढलं.

बहिणीबहिणींच्या फोनवरून बातमी पोचायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी साडू आपली डबी घेऊन रुग्णांच्या रांगेत बसले होते. घरचाच दवाखाना आहे म्हणून आलो, म्हणाले. नाही कसं म्हणणार? दोन्ही नाणी स्टीलच्या ट्रेमध्ये शेजारीशेजारी पहुडली. पार्सलं डॉक्टरांच्या बायकोने बांधली. दवाखान्याचा बाकी कारभारही तीच बघायची.

निकाल आला. डॉक्टर पासष्ट, साडू बासष्ट. त्या दिवशी डॉक्टर गुडघा विसरून जिना चढले.

वाढदिवशी सासऱ्यांनी दोन्ही डब्या मागून घेतल्या, लेबलांवर चिकटपट्टी लावली, डब्या टेबलावर इकडून तिकडे फिरवल्या आणि भिंग पुढे सरकवलं.

"आपापलं उचला."

डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. राजा. दुसऱ्या डबीत पाहिलं. राजाच.

"पट्टी काढा, लगेच सांगतो," ते म्हणाले.

साडूंनी मान डोलावली. इतक्या वर्षांत दोघांचं हे पहिलंच एकमत.

"कानाखाली काळा तीळ आहे ते ताईकडचं," डॉक्टरांची बायको म्हणाली. "लहानपणापासून बघतेय. पार्सलं बांधताना मीच अदलाबदल केली. म्हटलं, बघू कुणाच्या लक्षात येतंय का."

पट्टी काढली. तीळवाल्या राजावर डॉक्टरांचे पासष्ट होते. म्हणजे साडूंचंच नाणं एका गुणाने वर चढलं होतं आणि डॉक्टरांचं एकाने घसरलं होतं.

"थोडक्यात," साडू सावकाश म्हणाले, "माझ्या नावावर तुम्ही नापास झालात."

सासऱ्यांनी पत्र्याचा डबा धाकट्या लेकीच्या मांडीवर ठेवला.

नवऱ्याला वाईट वाटलं असेल, म्हणून तिने वळून पाहिलं. डॉक्टरांचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. भिंग डोळ्याला लागलं होतं.

"अहो, या राजाचा खालचा जबडा पुढे आलाय," ते म्हणाले. "लहानपणीच तार लावायला हवी होती."

"बघू," म्हणत साडूंनी खुर्ची ओढली. "सरका जरा."