मराठी पानांचा आकडा

दिशाच्या हातून चूक झाली ती फक्त दोन अक्षरांची.

अंधेरीतल्या ज्या कंपनीत ती कामाला होती, त्या कंपनीची वेबसाइट लोकांना आजारपणाची माहिती द्यायची. इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत. कुठल्या भाषेतले लेख लोक शेवटपर्यंत वाचतात ते साहेबांना, म्हणजे शिवदास सरांना, मोजून हवं होतं. जानेवारीत ते काम दिशाकडे आलं. साइटवर टॅग मॅनेजर, म्हणजे वाचकांची मोजदाद ठेवणारं साधन, बसवायचा, त्यात एक टॅग टाकायचा, आणि तो कुठल्या पानांवर चालेल हे ट्रिगरमध्ये लिहायचं. वाचणारा पानाच्या तळाशी पोचला की टॅगने त्या पानाच्या भाषेखाली नोंद करायची. दिशाने इंग्रजीचा ट्रिगर केला, हिंदीचा केला, आणि हिंदीचाच कॉपी करून त्याला मराठीचं नाव दिलं. पानाच्या इंग्रजी पत्त्यातलं हिंदीचं ‘एचआय’ काढून मराठीचं ‘एमआर’ टाकायचं तेवढं राहून गेलं.

झालं. हिंदीचा वाचक दोनदा मोजला जाऊ लागला आणि मराठीचा जवळजवळ नाहीच. पाच-सहा जुनी मराठी पानं अजून हिंदीच्याच पत्त्यावर होती, तेवढी मोजली जात होती, म्हणून आकडा अगदी शून्यही दिसेना. शून्य दिसलं असतं तर कुणीतरी शंका घेतली असती.

मराठी पानं लिहायच्या कुंदा परुळेकर. पन्नाशी ओलांडलेली, कांदिवलीला राहणारी बाई. नवऱ्याचं डायलिसिस चालू होतं ती दोन वर्षं त्या सेंटरच्या बाकड्यावर बसून शेजारच्या बायकांशी बोलल्या, आणि त्यांना कळेल अशा भाषेत लिहायला शिकल्या. नवरा गेला, लिहिणं राहिलं. दिशाला त्या मालवणी थाटात गो-गो करून बोलवायच्या, डब्यातली घावनं द्यायच्या, आणि ग्रुपवर तिने मेसेज टाकला की सगळ्यांदेखत तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारायच्या. घावनं दिशा विसरायची. ऱ्हस्व-दीर्घ विसरत नसे.

मार्चअखेरच्या मीटिंगला शिवदास सरांनी तीन रंगांचे खांब भिंतीवर दाखवले. मराठीचा खांब दिसतच नव्हता.

“कुंदाताई, जरा उठून दाखवा बघू कुठेय तुमचा खांब,” सर म्हणाले. “चष्मा लावा हवं तर.”

लोक हसले. कुंदाताई खरंच उठल्या, भिंतीजवळ गेल्या आणि वाकून शोधू लागल्या. मग तर हसू कुणाला आवरेना.

“तीन महिन्यांत एवढेच?” त्यांनी विचारलं.

“लोक येतात, वरची ओळ बघतात आणि पळतात. आता तुमची पानं मशीन लिहील. निदान कंटाळा तरी फुकटात येईल.” एप्रिलअखेरपर्यंत आवरून घ्यायला सांगून सर पुढच्या विषयाकडे वळले. त्याच मीटिंगमध्ये दिशाला टीम लीड केल्याचं जाहीर झालं. असं स्वच्छ काम आपण पाहिलं नव्हतं, असं सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाताई दिशाच्या टेबलाशी आल्या.

“माका एकदा दाखव गो, ता मोजता कसा. मी वाचतंय, तू बघ.”

दिशाने टॅग मॅनेजरचा प्रीव्ह्यू उघडला. त्यात एका बाजूला पान दिसतं आणि दुसऱ्या बाजूला कुठला टॅग चालला, कुठला नाही, त्याची यादी. कुंदाताईंनी आपलंच पान काढलं: डायलिसिसच्या माणसाने दिवसाला किती पाणी प्यावं. त्यांनी ते भराभर खाली सरकवलं नाही. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत, तळापर्यंत सगळं वाचलं.

टॅग चालला नाही.

दिशाने ट्रिगर उघडला आणि तिला दोन अक्षरं दिसली. बोलली असती तर पाच मिनिटांत सगळं निस्तरलं असतं. पण सरांनी तो खांबांचा तक्ता साइटचा खर्च उचलणाऱ्या क्लायंटला पाठवलाही होता, त्यावर तिचं नाव होतं, आणि लीडपद मिळून जेमतेम एक दिवस झाला होता.

“मोजलं?” कुंदाताईंनी मान वर करून विचारलं. पडद्यावरचं त्यांना काही कळत नव्हतं.

“हो,” दिशा म्हणाली. “मोजलं ना. हा बघा, आला एक.” आणि तिने यादीतल्या कुठल्यातरी भलत्याच ओळीवर बोट ठेवलं.

कुंदाताई त्या ओळीकडे बघत राहिल्या. “म्हणजे यंत्र बरोबर आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “कोणच वाचीत नाय.”

त्या काम सोडून गेल्या त्या आठवड्यात दिशाने दोन अक्षरं बदलली आणि हिंदीची दुहेरी मोजणीही थांबली. तोवर पानांवर मशीनचं मराठी चढलं होतं: ‘पाण्याचे सेवन मर्यादित केले जाणे आवश्यक आहे’ अशा थाटाचं. मराठीचा आकडा एकदम चढला. मशीनने मराठी वाचक परत आणला म्हणून शिवदास सरांनी केक कापला. पहिला तुकडा दिशाला भरवला. तिने तो खाल्ला.

जूनमध्ये मुलुंडच्या एका रुग्णसेवा ट्रस्टमधून फोन आला. त्यांना पेशंटसाठी मराठी पत्रकं लिहायला माणूस हवा होता. कुंदाताईंनी चौकशीसाठी दिशाचं नाव दिलं होतं.

“लिखाण कसं आहे हो त्यांचं? लोक वाचतात?”

चांगलं सांगितलं तर ही माणसं उद्या सरांना विचारतील, सर जुने आकडे उघडतील आणि चूक बाहेर पडेल. दिशाने हे सगळं एका श्वासात मनात मांडून घेतलं.

“बाई खूप चांगल्या आहेत,” ती म्हणाली. “पण आमच्याकडे त्यांचं कुणी वाचत नव्हतं. आकडे आहेत तसे.”

तीन दिवसांनी कुंदाताईंचाच फोन आला.

“नाही म्हणाले गो ते. तू काय सांगितलंस तेही सांगितलं त्यांनी.”

दिशा फोन घेऊन बाहेर जिन्यात गेली.

“राग नाही हां,” कुंदाताई म्हणाल्या. “उलट बरं वाटलं. बाकी सगळी तोंडावर गोड बोलतात. तू एकटी खरं बोललीस. आता मी लिहायचं सोडलं. शेजारच्या मुलींच्या हॉस्टेलात चाळीस जणींच्या पोळ्या लाटायचं काम मिळालंय. तिथे निदान खातात तरी.”

“ताई, मीटिंग आहे,” दिशा म्हणाली.

“जा गो, जा. काम आधी.”

दिशाने फोन ठेवला आणि कुंदाताईंचा नंबर ब्लॉक केला. मीटिंग खरंच होती. साडेतीनला, गुजरातीची पानं मोजायला घ्यायची होती.